हॉटेलच्या भिंतीवरचा समुद्र

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी ब्रह्मपुरीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. नागपूरच्या जुन्या बाजारात घेतलेलं विलायती चित्रांचं एक पुस्तक माझ्याजवळ होतं. उसळलेले समुद्र, कलंडलेली जहाजं, दरीत उतरलेलं धुकं.

गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वयस्क मुसलमान पेंटर होते. सगळे त्यांना पेंटरभाऊ म्हणत. एका दुपारी ते माझ्या खोलीवर आले. बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्याला भिंतीवर समुद्र हवा होता.

"मी कधी समुद्र पाह्यलाच नाई, मास्तर. तुमच्या पुस्तकात आहे म्हणतेत."

मी पुस्तक पुढे ठेवलं. एका पानावर ते थांबले. खडकावर एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा, समोर खवळलेलं पाणी.

"ह्याचं तोंड काऊन नाई दाखवलं?"

"तोंड दाखवलं असतं तर तो कुणी एक माणूस झाला असता. पाठ दिसते म्हणून आपण त्याच्या जागी उभे राहतो. आणि हे वादळही नुसतं वादळ नाही, भाऊ. त्याच्या मनात जे चाललंय, ते चित्रकाराने पाण्यात, आभाळात काढलंय."

ते बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे आभाळ नाई घाबरलं, माणूस घाबरला." मग पुस्तक मिटून म्हणाले, "मंग मले समुद्र पाहाची गरज नाई."

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर मी हॉटेलात गेलो. भिंतभर गढूळ तांबडं पाणी चढलं होतं. पलीकडे झाडांची बारीक रेघ. अलीकडे एक पाठमोरा माणूस, काखेत बंद छत्री.

हॉटेलवाला तणतणत होता. "मी समुद्र सांगतला होता! हे तं वैनगंगा होय. समुद्र निळा राह्यते."

"असन निळा," पेंटरभाऊ ब्रश पुसत म्हणाले. "पण मले निळ्याची भीती नाई वाटत."

चुना फासायची भाषा झाली. पण आठवडाभरात हॉटेलवाल्याच्याच ध्यानात आलं की बसची वाट पाहणारे लोक त्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि पुराच्या आपापल्या गोष्टी सांगत दुसरा चहा मागवतात. चुन्याचं नाव निघेनासं झालं.

एका शुक्रवारी दुपारी, गर्दी नसताना, पेंटरभाऊंनी बायकोला चित्र दाखवायला आणलं. मी तिथंच होतो. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "हा तुमीच होय."

पहिल्या बाळंतपणाला ती नदीपलीकडे, आरमोरीच्या बाजूला माहेरी गेली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला, त्याच दिवशी पूर आला. पलीकडे नेणारा डोंगा बंद. दोन दिवस पेंटरभाऊ काठावर उभे होते.

"पाणी पडून राह्यलं होतं ना? मंग छत्री काऊन नाई उघडली?" तिने विचारलं.

"ध्यानातच नाई आलं."

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हॉटेलवाल्याने न सांगता तिघांना चहा पाठवला.

त्या वर्षापासून मी वर्गात फुलदाणी ठेवणं बंद केलं. पोरांना तळ्यापलीकडच्या सागवनात नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी एका मुलीने अख्खा कागद हिरवा रंगवून दिला. एकही झाड नव्हतं.

"हे काय गं?"

"इथी गार वाटते, सर."

मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.