मुक्या पट्ट्यांचा पियानो

पियानो जुळवून देणं हा त्याचा धंदा, म्हणून लोक त्याला कानवाला म्हणत. तरुणपणी मात्र तो स्वतः वाजवायचा. त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, आणि नाताळचं गाणं कागदावर आहे तसंच वाजलं पाहिजे, यावर ते ठाम असत. एकोणिसाव्या वर्षी पोरानं त्यातलंच एक पाळणागीत जॅझच्या अंगानं वाजवलं. सूर वाकवले, ठेका हवा तसा रेंगाळू दिला. वडिलांनी येऊन झाकण लावलं. थोरली ताई शेजारीच उभी होती, पण तिनं अवाक्षर काढलं नाही. आठवड्याभरात त्यानं घर सोडलं आणि एका हॉटेलात वाजवायला लागला. ते बंद पडल्यावर पियानो जुळवायचं काम धरलं.

पुढे वडील गेले. ताईशी येणंजाणं राहिलं, दुखण्याखुपण्याला दोघं एकमेकांसाठी धावून जात, पण गाण्याचा विषय कोणी काढत नसे. ताई चर्चची गायकमंडळी चालवायची. चाळीस वर्षांत तिनं भावाला एकदाही साथीला बोलावलं नव्हतं.

यंदा नाताळाआधीच्या रविवारी सकाळीच तिचा फोन आला. वृद्धाश्रमात चार वाजता कार्यक्रम होता आणि साथीच्या बाई तापानं फणफणल्या होत्या. तू येशील का, आणि लिहिलंय तसंच वाजवशील का, एवढंच तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

तो तासभर आधीच पोचला. जेवणघरातला पियानो वर्षानुवर्षं हीटरला खेटून उभा होता, त्यात त्याची पार वाट लागली होती. ऐन मधल्या चार पट्ट्या मुक्या, एक दाबली की वर येईना. तासाभरात त्यानं जमेल तेवढं जुळवलं, पण त्या पाच पट्ट्यांपुढे त्यानं हात टेकले. ताई आल्यावर त्यानं सरळ सांगून टाकलं की लिहिल्याप्रमाणे वाजवलं तर गाणं लंगडत चालेल. हे सूर टाळून वेगळ्या वाटेनं जावं लागेल, आणि ती वाट कुठली हे तिला ठाऊकच आहे.

ताईनं हातातल्या कागदांची घडी घातली. समोर खुर्च्यांवर म्हातारी मंडळी येऊन बसायला लागली होती.

"मग तुला येतं तसं वाजव," ती म्हणाली. "फक्त आम्हाला मागे टाकून जाऊ नकोस."

त्यानं ते पाळणागीतच आधी घेतलं. वरच्या पट्ट्यांवर चाल स्वच्छ ठेवली, म्हणजे गाणारे चुकणार नाहीत, आणि खाली डावा हात मोकळा सोडला. पहिल्या कडव्याला मंडळी बिचकत गायली. दुसऱ्याला ताईचा हात सैलावला, ठेक्यावर डोलायला लागला. पुढच्या रांगेतली एक आजी मांडीवर चमच्यानं ताल धरून बसली. शेवटच्या ओळीवर तो मुद्दाम थांबला, मंडळींना पुढे जाऊ दिलं, मग हळूच त्यांना गाठलं. ताईला हसू आवरेना.

परतीच्या वाटेवर ताई त्याच्याच गाडीत बसली. निघाल्यावर त्यानं विचारलं, इतकी वर्षं मला बोलावलं का नाहीस? वडिलांसारखंच तुलाही ते आवडत नाही, असं मी धरून चाललो होतो.

"तेव्हा मी गप्प बसले," ताई म्हणाली. "त्यानंतर कुठल्या तोंडानं बोलावणार होते? तू नाही म्हणाला असतास तर?"

"नाही म्हणालो नसतो गं."

ताईनं लांब श्वास सोडला आणि सीटवर मान टेकली. त्याच्याही खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. चाळीस वर्षं दोघंही एकमेकांच्या नकाराला भीत बसली होती, आणि मुळात नकार कोणाच्याच मनात नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन पुन्हा वृद्धाश्रमात गेला आणि दोन दिवस खपून त्यानं पाचही पट्ट्या बोलत्या केल्या. ताईनं त्याला नव्या वर्षाच्या तालमींची वेळ कळवली: गुरुवारी, पाच वाजता.