फॉर्मवरची पहिली ओळ

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला. रुग्णांच्या नोंदी त्यात ठेवल्याने नर्सांचे काम हलके झाले का, हे विचारून यायचे काम कॉलेजातल्या आमच्या सरांनी मला दिले. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चूक होईल या धास्तीने मी नर्सांनी भरायचा फॉर्म फार जपून तयार केला. पहिली ओळ होती: नाव.

भरून आलेल्या सगळ्या फॉर्मांत एकच उत्तर होते: काम सोपे झाले.

मी खूश झालो. वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर मात्र हसल्या. "काऊन रे भाऊ, वर नाव टाकाले लावतं, अन् खाली खरं सांगा म्हणतं? हा कागद आमच्या वरची मेट्रन पाहणार नाई काय?"

शाळेपासून मी भरलेला प्रत्येक फॉर्म नावानेच सुरू व्हायचा. त्याची कोणाला भीती वाटेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

सरांना सांगितले तर ते मला या कामावरून काढून टाकतील, न सांगितले तर अहवाल खोटा. दोन दिवस सांगायचे टाळले. शेवटी सांगितले. सर एवढेच म्हणाले, "मग परत जा."

या वेळी मी नर्सांना नाव न लिहिता फॉर्म औषधाच्या रिकाम्या खोक्यात टाकायला सांगितले. मग खोके उघडले. पहिल्याच फॉर्मवर होते: आधी आम्ही रजिस्टरात लिहितो, मग तेच कॉम्प्युटरात भरायच्या कागदावर. दुपारचा डबा तसाच घरी जातो.

अक्षर ओळखीचे वाटले, नाव लिहिलेल्या आधीच्या फॉर्मांत पाहिलेले. मी तो फॉर्म घाईने बाकीच्यांत मिसळून टाकला.