धुळीचं कडं

पोस्टातून निवृत्त झाल्यावर इसोगाई नोरिहिकोने उरलेलं आयुष्य तेजोमेघांना देऊन टाकलं. आकाशातले ते अंधूक पुंजके नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कॅमेऱ्याने तासन्‌तास त्यांचा उजेड जमवायचा आणि मग दिवसचे दिवस संगणकापुढे बसून तो उकलायचा. जपानमधल्या इवातेतल्या त्याच्या गावच्या आकाशप्रेमी मंडळात नऊच माणसं. प्रमुख नुकाता सेन्सेई, म्हणजे नुकाता बाई, वय सत्त्याहत्तर. शाळेत त्यांनीच त्याला रसायन शिकवलं होतं.

इसोगाई माणूस कामसू, पण एका बाबतीत पक्का अंगचोर. फोटोंचं काम आटोपलं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून सकाळच्या उजेडात काही कोरे फोटो घ्यावे लागतात. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ त्यांत उमटते आणि संगणक तिची सावली खऱ्या फोटोंतून पुसून काढतो. कोरे फोटो ताजेच हवेत, असं सेन्सेई दर बैठकीला बजावत. इसोगाईला थंडीत बनियन ताणायचा कंटाळा. तो गेल्या वर्षीचेच वापरायचा.

जानेवारीत त्याच्या फोटोच्या कोपऱ्यात एक फिकट गोल कडं दिसलं. कुठल्याच नकाशात ते नव्हतं. नवा तेजोमेघ म्हणजे काय चेष्टा आहे? बैठकीत सगळ्यांनी पाठ थोपटली, कुणीतरी त्याला ‘इसोगाईचं कडं’ म्हणून टाकलं आणि स्वारी हवेत तरंगू लागली. वेधशाळेला कळवण्याआधी दुसऱ्या दुर्बिणीतून खात्री करायला हवी होती. ते काम सेन्सेईंनी आपणहून अंगावर घेतलं.

त्यांच्या चार रात्री जागून झाल्या असतील, तेव्हा एका दुपारी इसोगाई भलत्याच तेजोमेघाचा फोटो उकलत बसला होता. त्याच कोपऱ्यात तेच कडं. मग त्याला आठवलं. ऑक्टोबरात त्याने काच पुसली होती. धूळ गेली, पण जुन्या कोऱ्या फोटोंत ती तशीच होती. संगणकाने नसलेली सावली पुसली आणि तिच्या जागी उजेड उरला.

फोन तेव्हाच करायचा. त्याने केला नाही. उद्या करू, परवा करू, असं म्हणत आठवडा गेला. दाढी करताना त्याला आरशात स्वतःकडे बघवेना. तरी शेजाऱ्याने अभिनंदन केलं, तेव्हा बेट्याने कमरेत वाकून ते घेतलंच.

मग रविवारी दुपारी सेन्सेई दारात उभ्या राहिल्या. हातात रुमालात बांधलेली योकान मिठाईची पेटी. अशी पेटी माफी मागायला आणतात. त्याने त्यांना आत घेतलं. सेन्सेई तातामीच्या चटईवर गुडघे टेकून बसल्या, पेटी पुढे सरकवली आणि पांढरं डोकं खाली झुकवलं.

“अकरा रात्री शोधलं, इसोगाई-कुन. नाही सापडलं तुझं कडं. माझ्या हातात आता दम राहिला नाही. माझ्यापायी तुझं काम अडलं बघ. दुर्बीण विकून टाकते, मंडळही सोडते.”

इसोगाईने चहा ओतला. चहा पिऊन त्या उठल्या, दारापाशी पायरीवर बसून बूट घालू लागल्या. दुसऱ्या बुटाची चेन लागेना. थंडीने त्यांची बोटं फुटून लाल झाली होती. ती बोटं पाहिल्यावर त्याला गप्प राहवेना.

“सेन्सेई, माझे कोरे फोटो जुने होते.”

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

“कधी कळलं?”

“तुमच्या चार रात्री झाल्या होत्या तेव्हा.”

“म्हणजे सात रात्री मी बर्फात उगाच उभी होते, इसोगाई-सान.”

शाळेपासून त्या त्याला ‘कुन’ म्हणत आल्या होत्या, पोराला म्हणतात तसं. परक्याला लावायचं ‘सान’ त्यांच्या तोंडून त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. वर पाहिलं तेव्हा दार बंद झालं होतं.

पुढच्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. सेन्सेईंनी ना मंडळ सोडलं, ना दुर्बीण विकली. त्याचे नवे फोटो त्या चष्मा लावून नीट बघतात, चुका दाखवतात, आणि चहा हवा का, इसोगाई-सान, असं अगदी अदबीने विचारतात.