सुरंगीचा ब्लाउजपीस

रत्नागिरीत कागदावर चित्र काढायचं म्हणजे बुरशीला जेवायला वाढायचं. माझी तीन पावसाळ्यांची चित्रं अशीच गेली. तेव्हा, ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीनंच सुचवलं, की कापडावर काढ, निदान कुणाच्या अंगावर तरी मिरवेल. घरात माझ्या चित्रांकडे कुणी ढुंकून बघत नसे. बघणारी ती एकटीच, म्हणून मी तिचं ऐकलं.

पहिला ब्लाउजपीस तिच्यासाठीच रंगवला. तिच्या माहेरच्या परसात सुरंगीचं झाड होतं, त्याखाली बसून आम्ही दोघींनी गजरे ओवले होते. शिंपी कापड कुठे कापेल ते आधी पेन्सिलीनं आखून घेतलं, म्हणजे पाठीवरून निघालेली फांदी बरोबर डाव्या बाहीवर फुलेल. महिनाभर खपले. सही करायची लाज वाटली, म्हणून बाहीवर एक काळी मुंगी काढली. चित्र आत ठेवून घडी घातली आणि ती आली तेव्हा नारळ-तांदळाबरोबर तोच पीस घालून तिची ओटी भरली. मुद्दामच काही बोलले नाही. घरी जाऊन उलगडेल तेव्हा कळावं, ही माझी हौस.

पुढच्या भेटीत न राहवून विचारलं, मी रंगवलेला पीस शिवलास का? ती म्हणाली, शिवला, राजापूरच्या लग्नात घातला, बायका सारख्या विचारत होत्या. मी आठवडाभर हवेत होते.

पुढच्या चैत्रात तिच्या जावेकडे हळदीकुंकवाला गेले. जावेनं माझी ओटी भरली. घरी येऊन पाहते तर माझीच घडी. आत माझी सुरंगी, माझी मुंगी. कापडाला कात्री लागलेलीच नव्हती. ओटीतले पीस घरोघर फिरतात, मीही फिरवलेत, त्याचा राग नव्हता. पण राजापूरच्या त्या बायका माझ्या मैत्रिणीनं कुठून आणल्या? मला फसवलं होतं, आणि तेही जिच्यावर माझी सगळी भिस्त होती तिनं. संताप आला, मग रडू आलं.

मी तो पीस शिवून घेतला आणि ब्लाउज घालून सरळ तिच्या घरी गेले. वाटलं, बघताच चपापेल, आम्ही कडाकडा भांडू आणि मिटवून टाकू. तिनं चहा टाकला, मला नीट निरखून पाहिलं.

"हा छान जमलाय गो. मला दिलेलास त्याच्यापेक्षा बरा," ती म्हणाली. मग जवळ आली. "थांब, बाहीवर मुंगी चढल्ये तुझ्या."

तिनं बोटानं टिचकी मारली. मुंगी हलली नाही, तशी पुन्हा मारली.