गोगलगायीपुढची मोकळी जागा

इस्पितळात तिला सगळे एक्स-रेबाई म्हणत. तळमजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या खोलीत तिची उमेदीची वर्षं लोकांची हाडं पाहण्यात गेली होती. माणसाचा चेहरा ती विसरायची, पण मनगट लक्षात ठेवायची. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं, की ती आधी त्याच्या खांद्याकडे नाहीतर गुडघ्याकडे बघायची आणि मग म्हणायची, "हां, तुम्ही होय! जिन्यावरून पडला होतात ना?"

कामात ती चोख होती. दुखरा भाग बरोबर मधोमध, चहूबाजूंनी सारखी जागा, काही कापलं जाणार नाही, काही हलणार नाही. "श्वास रोखा, हलू नका" हे शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते, की नवऱ्याच्या अंगातल्या शर्टाचं बटण लावतानाही ती तेच म्हणायची आणि तो बिचारा खरोखर श्वास रोखून उभा राहायचा.

परगावी नोकरीला लागलेल्या मुलीनं आईला एक कॅमेरा पाठवला, अगदी जवळून फोटो काढता येतील अशा भिंगासकट. एक्स-रेबाईंनी तो पहिल्यांदा वापरला तो इस्पितळाच्या मागे. तिथे पाण्याच्या टाकीखाली एक ओली भिंत होती, तिच्यावर शेवाळं, एक माजलेली वेल आणि गळका नळ. ती रोज दुपारी डबा खायला तिथेच बसायची. त्या दिवशी वेलीवर एक किडा दिसला, म्हणून तिनं फोटो काढला आणि पाहते तर काय, किड्याच्या पाठीवर तांबूस रंगात हिरवी झाक, त्यात सोनेरी ठिपके. आयुष्यभर काळं-पांढरं बघणाऱ्या डोळ्यांना एवढा रंग एकदम मिळाला आणि तिला वेडच लागलं. डबा तसाच राहू लागला. किडे, कळ्या, कोळी, बुरशी, समोर येईल त्याचा फोटो.

घरी नवरा प्रत्येक फोटोला "छान" म्हणायचा. तो जेवणालाही तसंच "छान" म्हणायचा, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. खरं बोलणारं माणूस घरात एकच, तिची थोरली नणंद. वन्सं पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या आणि मनात येईल ते तोंडावर सांगायच्या. एका संध्याकाळी त्यांनी मशीन थांबवून सगळे फोटो नीट पाहिले.

"फोटो स्वच्छ आहेत," वन्सं म्हणाल्या. "पण सगळे किडे ओळखपत्र काढायला आल्यासारखे बसलेत."

नवरा हसला. त्या रात्री त्याला भाजी जरा कमीच वाढली गेली.

बोल मात्र तिच्या मनाला लागला. कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले दर रविवारी हौशी मंडळींना जमवून फोटो दाखवायचे, चर्चा करायचे. ती धीर करून तिथे गेली. स्टुडिओवाल्यांनी तिची थट्टा केली नाही. त्यांनी एक फोटो मोठा करून दाखवला आणि विचारलं, आधी काय दिसतं? किड्यामागचा पिवळा पाइप. मग कोपऱ्यातलं अर्धं तुटलेलं पान. किडा तिसरा. त्यांचं म्हणणं असं, की बटण दाबण्याआधी नजर चारही कडांवरून फिरवावी, मागे काय आहे ते बघावं, खाली बसून प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यावं आणि तो ज्या दिशेला बघतोय तिकडे थोडी जागा सोडावी. पाइप हलत नसेल तर आपण हातभर सरकावं.

एक्स-रेबाईंनी हे सगळं इतकं मनावर घेतलं, की पुढच्या आठवड्यात तिचा एकही किडा मधे राहिला नाही. सगळे कोपऱ्यात. एक भुंगा तर फोटोच्या काठावर असा लोंबकळत होता, जणू सुटत्या बसचा दांडा धरलाय. फुलाचा फोटो पाहून वन्संनी चष्मा पुसला आणि विचारलं, "फूल कुठंय?"

मग मात्र तिनं हात टेकले. कॅमेरा कपाटात गेला, साड्यांच्या मागे.

नंतरच्या आठवड्यात कामावर एक टपाल वाटणारी मुलगी लंगडत आली. पाऊल मुरगळलं होतं. समोरून काढलेल्या फोटोत हाडं धडधाकट होती, बाजूनेही काही दिसेना, पण मुलगी दुखतंय म्हणत होती. एक्स-रेबाईंनी नेहमीसारखी चौकशी केली. नेमकं कुठे दुखतं, उभं राहिल्यावर की वळल्यावर? मग पाऊल जरा आत वळवून तिरका फोटो घेतला आणि केसाएवढी चीर लख्ख दिसली. यात नवल काहीच नव्हतं, असं तर ती रोजच करायची. पण डबा घेऊन मागे गेली आणि नळाच्या पाइपवर चढणारी एक गोगलगाय दिसली, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाला ती आधी विचारते, तुझं काय म्हणणं आहे, आणि मग फिरून फिरून बघते. किड्याला तिनं कधी काही विचारलंच नव्हतं. दिसला की टिपला.

या गोगलगायीचं म्हणणं काय? तिनं डबा बाजूला ठेवला. गोगलगाय शिंगं ताणून वर बघत होती आणि तिच्यापुढे तो लांबच लांब, ओला, उघडा पाइप होता. सांगण्यासारखं होतं ते हेच.

कॅमेरा घरी होता. रविवारी सकाळी ती तो घेऊन निघाली आणि वन्संनाही बरोबर घेतलं, कारण पाइपमागची पांढरी भिंत डोळ्यांत खुपत होती. वन्संनी गडद हिरवं अस्तराचं कापड आणलं. गोगलगायी होत्या, वर चढणारी एक मिळालीही. वन्सं गुडघ्यांच्या नावानं कुरकुर करत खाली बसल्या आणि पाइपमागे कापड धरून राहिल्या. जरा वर, जरा मागे, सावली पडतेय, अशा सूचनांना त्या कंटाळल्या. मग कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावल्या तर गोगलगाय डावीकडे पार खाली.

"अगं, मधे घे ना तिला. बिचारी नीट दिसायला नको?"

"ती दिसेलच, वन्सं. पण तिला केवढं जायचंय ते दिसायला हवं."

वन्संनी कापड पुन्हा पाइपमागे धरलं. आता कापड त्यांच्या श्वासाबरोबर हलत होतं. एक्स-रेबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "श्वास रोखा, हलू नका." वन्संनी गाल फुगवून श्वास रोखला. बटण दाबताना भिंग पाइपला टेकलं आणि गोगलगायीनं शिंगं आत घेतली. दोघी थांबल्या. वन्संचा हात भरून आला, तरी त्यांनी कापड सोडलं नाही. हळूहळू शिंगं पुन्हा बाहेर आली, पूर्ण ताणली गेली आणि तेव्हाच दुसरा फोटो निघाला.

घरी मोठ्या पडद्यावर वन्सं तो कितीतरी वेळ बघत राहिल्या. तिरका जाणारा पाइप, तळाशी इवलीशी गोगलगाय, वाटेत पाण्याचा एक थेंब आणि बाकी सगळा हिरवा काळोख.

"पोहोचली असेल का गं ही?" वन्संनी विचारलं.

एवढी मोठी शाबासकी त्या घरात आजवर कोणाला मिळाली नव्हती.

स्टुडिओवाल्यांनी फोटो मोठा छापून दिला आणि तो एक्स-रेच्या खोलीबाहेर, बाकासमोरच्या भिंतीवर लागला. प्लास्टरवाले लोक नंबर येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात. एक कुबडीवाले आजोबा तर म्हणाले, ही माझ्यापेक्षा जोरात आहे.

वन्संना आता घरी राहवत नाही. परवाच्या रविवारी दोघी कालव्याकाठच्या गवतात गेल्या, वन्संच्या पिशवीत निवडून आणलेली कापडं होती आणि टोळामागे राखाडी शोभेल की तपकिरी, यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. तेवढ्यात टोळानं उडी मारली आणि वन्संच्याच खांद्यावर येऊन बसला.

"त्याचा काढ, माझा नको," वन्सं ओठ न हलवता पुटपुटल्या. "केस विंचरलेले नाहीत."

ती हळूच गुडघ्यांवर बसली. त्या फोटोत निळ्या ब्लाउजच्या उतरत्या खांद्यावर उडायच्या बेतात असलेला टोळ आहे आणि वरच्या कडेला, हसू दाबून धरलेली एक हनुवटी तेवढी दिसते.