गरजेचा दाखला

बेकरी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण गल्लीतली माणसं त्याला अजून बेकरीवालाच म्हणत. तो तिथे कामाला होता आणि मालकाने दुकान आवरताना मालाची जुनी व्हॅन स्वस्तात याच्याच गळ्यात मारली होती. ती दारात उभी राहिली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. पण त्याच वर्षी सासूची मूत्रपिंडं निकामी झाली, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, आणि व्हॅनबद्दल बायकोने पुन्हा ब्र काढला नाही.

रुग्णांची ने-आण करायचा परवाना शहरात एकाच कंपनीकडे होता. तिला आधी कळवून ठेवायचं, मग घराच्या फाटकाशी वाट बघत बसायचं, आणि गाडी आली तर आपलं नशीब. टॅक्सीवाल्यांना तर डायलिसिसचा रुग्ण घ्यायचीच बंदी. तेव्हा बेकरीवाल्याने व्हॅनमधल्या फळ्या काढल्या, बाकं ठोकली, म्हाताऱ्यांचा पाय उचलत नाही म्हणून दाराखाली एक बुटकी पायरी जोडून घेतली आणि सासूला स्वतःच न्यायला लागला. तिच्याबरोबर समोरचे मास्तर आले. मग शेजारच्या शिलाईवाल्या मावशी आल्या. सासू गेली, तरी बाकं रिकामी राहिली नाहीत. पेट्रोलचं भागलं की तो खूश असे.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण या गृहस्थाला एक खोड होती. चौकात चिटपाखरू नसलं तरी हा लाल दिव्याला थांबायचा. सरकारने रुग्णवाहतुकीचे नियम कडक केल्याचं ऐकलं आणि कोणी विचारलेलं नसताना हा आपणहून परवाना मागायला गेला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे याच्याकडून शिकावं.

परवाना खात्याच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "आधी गरजेचा दाखला लागेल."

म्हणजे काय, तर शहराला आणखी एका गाडीची गरज आहे हे आधी सिद्ध करायचं. गाडी नीट आहे का, चालवणारा शुद्धीवर असतो का, हे पुढचं पुढे. आणि गरज आहे की नाही यावर हरकत घ्यायचा हक्क कोणाला? त्याच जुन्या कंपनीला! मिठाईवाल्याला विचारायचं, शेजारी दुसरं मिठाईचं दुकान काढू का, आणि तो नको म्हणाला की सरकारने मान डोलवायची. वर त्या कंपनीला दरवर्षी अर्थसंकल्पातून अनुदान, तेही सेवा अखंड राहावी म्हणून. ज्याने कोणी हा नियम लिहिला, तो कधी फाटकाशी वाट बघत बसला नसणार.

त्याने अर्ज केला, कंपनीने हरकत घेतली. सुनावणीची तारीख लागली तसा बेकरीवाला अर्जाचे कागद पुन्हा पुन्हा चाळत बसला. बायको मात्र कंबर कसून उभी राहिली. तिने सगळ्या म्हाताऱ्यांना घरी बोलावून बजावलं, "हे बघा, तिथे रडगाणं गाऊ नका. ऑफिसातल्या लोकांना रडगाण्याचा कंटाळा असतो. यांची सेवा कशी आहे, तेवढंच चांगलं सांगा."

एरवी ही मंडळी चहा गरम असला तरी कुरकुरायची आणि गार असला तरी. पण सुनावणीच्या दिवशी सगळ्यांनी शब्द पाळला. मास्तर म्हणाले, एक फेरी चुकली नाही. मग मावशी उठल्या. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून आल्या होत्या.

अधिकारी बाईंनी विचारलं, "रुग्णालयात जायला तुम्हाला काही अडचण येते का?"

"छे हो! अडचण कसली?" मावशी म्हणाल्या. "राणीसारखी जाते आणि राणीसारखी येते."

"म्हणजे सध्याची सोय पुरेशी आहे?"

"पुरेशी? अहो, याहून चांगली असूच शकत नाही!"

कंपनीच्या वकिलाने हसून पेनाला टोपण लावलं. त्याला बोलायला काही उरलंच नव्हतं. बाईंनी निकाल सांगितला: सध्याची सोय पुरेशी आहे असं खुद्द रुग्णच सांगतात, सबब नव्या गाडीची गरज दिसत नाही.

बेकरीवाला चाचरत उभा राहिला. "मॅडम, ती सोय म्हणजे मीच ना."

"मला कळतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली वळवली. "पण कागदावर तुम्ही नाहीच. कागदावर कंपनी आहे, आणि कोणाची गैरसोय नाही. आता पुढच्या वर्षी अर्ज करा. तोवर एकही रुग्ण बसवलात, तर गाडी जप्त होईल."

बाहेर आल्यावर बायको भिंतीला टेकून रडली. "मीच शिकवलं हो त्यांना," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्याने तिला दोष दिला नाही. मावशींना कमी ऐकू यायचं. निकाल त्यांच्या कानावरून गेला होता. त्या डुलतडुलत आल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काय रे, कशी बोलले?"

"छान बोललात, मावशी," तो म्हणाला. खरं सांगायचा त्याला धीरच झाला नाही.

मावशींची डायलिसिसची पुढची पाळी आली. त्याने त्यांच्यासाठी कंपनीची गाडी आधीच सांगून ठेवली होती, तरी राहवेना म्हणून सकाळी स्वतः मावशींच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. कंपनीच्या गाडीचा पत्ता नव्हता. कंपनीला फोन केला की एका बाईचा गोड आवाज थांबायला सांगे आणि संगीत सुरू होई. परवाना खात्याचा निरीक्षक मात्र अगदी वेळेवर हजर होता. कोपऱ्यावर मोटरसायकल लावून तो व्हॅनवर नजर ठेवून उभा होता. उशीर झाला की रुग्णालयातलं मशीन दुसऱ्याला देतात. मावशींचे पाय तर सुजून भोपळा झाले होते.

काठी टेकत मावशी बाहेर आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या दारातल्या व्हॅनकडे पाहिलं.

"अरे, गाडी इथेच तर आहे. मग उभा काय असा?"

"मावशी, आज दुसरी गाडी यायचीय."

"दुसरी कशाला? मी सांगितलं ना त्या बाईंना, आम्हाला दुसरी नको म्हणून!"

तो पुढे होईपर्यंत त्यांनी व्हॅनचं दार ओढलं, पायरीवरून वर चढल्या, बाकावर टेकल्या आणि दम खात पट्टा लावला. कोपऱ्यावरच्या निरीक्षकाने फोटो काढायला मोबाईल वर धरला.

"मावशी, खाली उतरा ना," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना तो ऐकूच गेला नाही.

"चल रे," मावशी म्हणाल्या. "उशीर होतोय."