गडग्याचा पहिला धोंडा

आषाढाची संततधार चार-पाच दिवस लागून राहिली, की माझ्या घराखालचा गडगा पाझरू लागतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते धोंड्यावर धोंडे रचून केलेली ही छातीभर उंचीची भिंत. तिच्या तळाशी वीत-वीत रुंदीची तोंडे ठेवलेली आहेत, आणि त्या तोंडांतून पाणी झरत असते. एकातून थेंबथेंब, दुसऱ्यातून करंगळीएवढ्या धारेने, तिसऱ्यातून मधूनच उचकी लागल्यासारखे. ओल्या दगडाचा गार वास ओटीपर्यंत येतो. मग मला घरात बसवत नाही. छत्री घेऊन मी खाली उतरतो आणि एका तोंडाखाली ओंजळ धरतो. पाणी नितळ असते. तळहाताच्या रेषा त्यातून स्पष्ट दिसतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटत असेल, मास्तरांना या वयात पावसात भिजायची हौस आली! पण तुम्हांला म्हणून सांगतो, मी त्या पाण्याचा रंग पाहायला जातो. गेली काही वर्षे दर पावसाळ्यात माझा हा नेम चालू आहे, आणि पाणी नितळ दिसले म्हणून मन निवले असे एकदाही झालेले नाही.

हे घर मी बांधले ते पाण्याच्याच भीतीने. त्याआधी आम्ही महाडला चवदार तळ्याच्या अंगाला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. भर पावसाळ्यात सावित्री नदी एकदा तरी गावात शिरायचीच. आधी पायरी, मग उंबरा, मग माझी पुस्तके, असा तिचा क्रम ठरलेला. एका वर्षी पूर ओसरल्यावर घमेल्याने गाळ उपसता उपसता माझ्या पत्नीने निक्षून सांगितले, "आता घर बांधाल ते उंचावर. ज्याच्या वर पाणी येणार नाही अशा जागी." पुढे माझी पोलादपूरच्या शाळेत बदली झाली आणि घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून डोंगरउताराचा एक तुकडा मला मिळाला. खाली भाताची हिरवी खाचरे, पलीकडे नदीची वळणे, पाठीशी सह्याद्री! आम्ही उंच जागी आलो याचा मला केवढा आनंद झाला. आपल्याला नको असलेले पाणी आता दुसऱ्या कुणाच्या तरी उंबऱ्याशी जाईल, हा विचार त्या आनंदात कुठेही नव्हता.

तो दुसरा कुणीतरी म्हणजे धाकूदादा. माझ्या जागेच्या अगदी खाली त्याचे खाचर होते. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, बोलायला बेताचा माणूस. मुलगा मुंबईला गिरणीत, घरी तो आणि त्याची बायको भागूबाई. त्याची जमीन तीन-चार तुकड्यांत विखुरलेली, पण आवण, म्हणजे भाताची रोपे, तो दरवर्षी या एकाच खाचरात करी. त्याची माती भुसभुशीत आणि काळसर होती; त्याच्या बापाने आणि आज्याने दर उन्हाळ्यात शेण, पाचोळा नि टहाळे जाळून, राब करून करून ती तशी बनवलेली. या खाचरातली रोपे उपटून मग बाकीच्या सगळ्या तुकड्यांत लावायची. हे एक खाचर बिघडले की सगळे वर्ष बिघडले. मला हे पहिल्याच भेटीत त्याने सांगितले होते. सांगताना त्याने खाचरातली मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती सौजन्याने पाहून, हात झटकून रुमालाला पुसला.

या डोंगरवस्त्यांत एक रीत आहे. वरच्याने घरासाठी उतार कापायला घेतला, की जोत्याच्या आधी खालच्या अंगाला गडगा घालायचा, आणि त्याचा पहिला धोंडा खालच्या शेतकऱ्याने ठेवायचा. वरच्याने त्याच्या घरी जाऊन बोलावणे करायचे. त्याने आंघोळ करून नारळ घेऊन यायचे, धोंडा स्वतः निवडून बसवायचा, आणि पाण्याची तोंडे कुठे कुठे ठेवायची ते गवंड्याला बोटाने दाखवायचे. गडगा वरच्याच्या जमिनीत उभा राहतो, पण तो असतो खालच्यासाठी. किती साधी, किती शहाणी रीत! ज्याला सोसायचे आहे त्यानेच आधी हात लावायचा. ही रीत मला ठाऊक नव्हती असे आज म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण गवंड्याने मला ती दोनदा सांगितली होती.

मी काय केले? मी शाळेच्या हेडमास्तरांच्या हस्ते पायाचा दगड बसवला. गुरुजी आले, मंत्र झाले, पेढे वाटले. धाकूदादा कुणी न बोलावता आला होता. धुतलेली टोपी, स्वच्छ सदरा आणि हातात नारळ. तो आपल्या बांधावर उभा राहून आमचा सोहळा पाहत होता. मी त्याला पाहिले, ओळखीचे हसलो आणि कार्य आटोपल्यावर त्याला एक पेढा नेऊन दिला. त्याने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि नारळ तसाच घरी परत नेला.

आणि गडगा तरी मी कसला घालणार! सुके धोंडे रचलेली ती गावंढळ भिंत माझ्या नव्या घराला शोभली नसती. सिमेंट त्या दिवसांत परमिटवर मिळे. मी खटपटी करून काही गोण्या मिळवल्या होत्या आणि त्यांचे मला पदक मिळाल्यासारखे अप्रूप होते. गवंड्याला सांगून मी भिंतीच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या. धोंड्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, इतक्या रेखीव भरल्या, की येणारा-जाणारा थांबून पाहायचा. उतारावरचे गवतही मुळासकट खरवडून काढले, कारण मला जागा स्वच्छ हवी होती. धाकूदादा एकदा वर आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, भित लय चांगली झाली, पन पान्याला तोंड खंय हाय? आनि ता गवात काढू नका. मातीला धरून ठेवनारा दुसरा कोन नाय." मी हसून म्हणालो, "धाकूदादा, हे सिमेंट आहे. हे पाण्याला दाद देत नाही."

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवत होता? सांगायला लाज वाटते. मी भूगोल शिकवत होतो. 'जमिनीची धूप, कारणे व उपाय' हा धडा मी दर वर्षी रंगवून रंगवून सांगे. फळ्यावर उघडा डोंगर काढायचा, खडूने पाण्याचे बाण दाखवायचे, मग समपातळीचे बांध, गवताचे पट्टे, झाडांची मुळे. मुलांना ते सगळे उपाय पाठ असत. खडूच्या डोंगरावरून घरी येऊन मी खऱ्या डोंगरावर चढत होतो आणि या दोन डोंगरांची एकमेकांशी काही ओळख असेल हे माझ्या मनातही येत नव्हते. विद्या माणसाच्या जिभेवर राहते आणि हातापर्यंत उतरत नाही, असे किती जणांचे होत असेल? माझे तरी झाले.

आषाढ लागला. खालच्या खाचरात आवण टीचभर, मग वीतभर वाढली. तो पोपटी चौकोन आमच्या ओटीवरून दिसे आणि मला त्याचे फार कौतुक वाटे; पाहुण्यांना मी तो माझ्याच मालकीचा असल्यासारखा दाखवी. मग पावसाने जोर धरला. उघड्या उतारावरून पाणी जोत्याच्या भरावात मुरत राहिले आणि भिंतीमागे कोंडत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी धाकूदादा इरले पांघरून, हातात पहार घेऊन वर आला. भिंतीचा मधला भाग त्याने मला दाखवला. भिंतीने पोट काढले होते. "मास्तर, खाली तीन-चार भोका पाडू द्या. आत्ताच्या आत्ता. आवन उद्या-परवा उपटायची हाय." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. विनवणी होती, आणि घाईही होती.

मी त्या रेखीव दर्जांकडे पाहिले. त्यांच्यावर पहार चालू द्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "महाडला गवंड्याला निरोप धाडतो. तो आला की नीट पाहू." एवढेच मी म्हणालो. मोठा गुन्हा करताना माणूस ओरडत असेल, दातओठ खात असेल अशी आपली समजूत असते. मी मात्र अगदी सौम्यपणे, त्याला चहा विचारून, नाही म्हणालो होतो. त्याने चहा घेतला नाही. पहार खांद्यावर टाकून तो पावसात उतरून गेला. ती पहार त्याने माझे न ऐकता भिंतीत घातली असती तर! पण जागा माझी होती, आणि दुसऱ्याच्या जागेत विचारल्यावाचून हात घालणारा तो माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत असताना खालून एक जड, बसका आवाज आला. मोठा नव्हता. धान्याचे पोते खांद्यावरून टाकावे तसा. मी उठून पाहिले तेव्हा भिंतीच्या जागी तांबडी खिंड होती, आणि त्या खिंडीतून धोंडे, मुरूम आणि तांबडे पाणी अजूनही संथपणे खाली चालले होते. पोपटी चौकोनाचा एक कोपरा तेवढा दिसत होता. भागूबाई गुडघाभर चिखलात उभी राहून हातांनी मुरूम उकरत होती, रोपे ओढून काढत होती, आणि काढलेली रोपे मोडलेली पाहून पुन्हा उकरत होती. "अगो, ऱ्हावदे," धाकूदादा तिला म्हणत होता. "ऱ्हावदे गो आता." मी धावत खाली गेलो. त्या दोघांनी माझ्याकडे पाहिले, आणि तिने पदर सावरला. शिवी द्यायला हवी होती हो! एखादी सणसणीत शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपून ठेवली असती.

शेजाऱ्यांनी आपली लावणी उरकून उरलेल्या आवणीच्या जुड्या दिल्या, त्यात त्याचा एक तुकडा कसाबसा लागला. मी वर्षाचे भात देऊ केले. त्याने ते घेतले. तो मानी होता, पण वेडा नव्हता. पोती उतरवून घेताना फक्त म्हणाला, "भात द्याल मास्तर. माती खंयसून आनाल?" पाऊस सरल्यावर मी गडी लावून मुरूम उपसायला घेतला, स्वतःही टोपल्या वाहिल्या. पण खाली सापडली ती माती जुनी माती नव्हती. काळसर थर केव्हाच वाहून वहाळात, वहाळातून सावित्रीत गेला होता. पुढच्या पुरात तो महाडच्या कुणाच्या तरी खोलीत गाळ होऊन शिरला असेल, आणि कुणी तरी तो घमेल्याने उपसून, नाक मुरडून, रस्त्यावर फेकला असेल. तीन पिढ्यांनी राबून केलेली माती! महाडला असताना मीही अशी कुणाची माती फेकली असेल, कोण जाणे.

दिवाळी झाल्यावर कळले, की धाकूदादा आणि भागूबाई मुंबईला मुलाकडे निघाली आहेत. आवण करायला जागा नाही तर शेती कशाच्या जिवावर करायची? त्याच सुमारास मी पडलेली भिंत पुन्हा घालायला काढली होती. या खेपेला सुका गडगा. मी धाकूदादाच्या घरी गेलो, अंगणात उभा राहिलो आणि रीतसर बोलावणे केले. नारळही मीच नेला होता. तो आला. गवंड्याच्या शेजारी बसून त्याने धोंडे निवडले, उलटसुलट करून पाहिले, फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या, तोंडे कुठे हवीत ते बोटाने दाखवले. उताराच्या माथ्याला चर मारून पाणी वहाळाकडे वळवायला लावले. खरवडलेल्या जागी गवताची ढेपळे आणून बसवली आणि काठाने वाळ्याचे ठोंब लावले. चार दिवस तो माणूस माझे घर वाचवण्यासाठी राबत होता. मात्र अगदी सुरुवातीला, पाया आखून झाल्यावर, मी पहिला धोंडा उचलून त्याच्या हातात द्यायला गेलो, तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"खाली आता कोन हाय, मास्तर?" तो शांतपणे म्हणाला. "तुमीच ठेवा."

मी ठेवला. सगळ्या गडग्यात तेवढा एक धोंडा माझ्या हातचा आहे, किंचित तिरपा बसलेला. त्याच्या शेजारच्या तोंडाखालीच मी दर आषाढात ओंजळ धरतो. त्याने दाखवलेल्या तोंडांपैकी अजून एकही बुजलेले नाही, गवत दाट माजले आहे, वाळ्याची मुळे खोल गेली आहेत, आणि उताराची चिमूटभर माती जागची हलत नाही. धडा शिकवायचा तर असा गडगा दाखवावा! ओंजळ भरली की मी पाणी पाहतो आणि खाली सोडून देतो. ते बांधावरून धाकूदादाच्या खाचरात उतरते. तिथे आता रानगवत आहे. या पाण्याची वाट पाहणारे तिथे कुणी नाही.